युद्धातली विहीर कुणाची?

युद्धाची बातमी आकड्यांत येते. अत्याचाराची बातमीही आकड्यांतच येते. आपल्याला हे नवं नाही. खैरलांजी म्हटलं की पेपरवाला सांगतो, साल २००६, मेले चार. आकडा बरोबर आहे. पण त्या घरात त्या दिवशी चुलीवर काय शिजत होतं, कोण दारात बसून काय करत होतं, कुणाला उद्या काय करायचं होतं, हे आकडा सांगत नाही. आकडा खोटं बोलत नाही, पण तो गप्प बसतो. आणि गप्प बसणाऱ्या साक्षीदाराच्या जिवावर खटला उभा राहत नाही.

म्हणून मी कादंबऱ्या वाचतो. गेली दोन वर्षं सूतगिरणीतल्या पाळ्या सांभाळून श्रीलंकेच्या युद्धावरची पुस्तकं वाचतोय. माझी शाळा लवकर सुटली. इंग्रजी मला मोबाईलमधल्या डिक्शनरीनं शिकवलं. सुरवातीला एका पानाला अर्धा तास लागायचा. खात्यातले दोस्त म्हणतात, ‘‘आरं, कादंबरी म्हंजे बनवाबनवी. कुणीतरी खोलीत बसून रचलेलं. ते वाचून तुला लढाई कशी कळंल? आन् कळून तरी काय करणार हाईस?’’ हे दोन सवाल आहेत. पहिला सवाल कळण्याचा आहे. दुसरा कळल्यानंतरच्या जबाबदारीचा. कवी मंडळी पहिल्यावर तासन् तास बोलतात आणि दुसरा आला की बिडी पेटवतात. मला दोन्हींचा हिशेब मांडायचाय.

आधी हकीकत, थोडक्यात. १९४८ ला इंग्रज लंकेतून गेला. त्याच साली नव्या सरकारनं कायदा करून चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ मजुरांचं नागरिकत्व हिरावलं. सुमारे सात लाख माणसं एका कायद्यानं कुणाचीच राहिली नाहीत. इंग्रजांनी त्यांच्या बापजाद्यांना तामिळनाडूतून नेलेलं. त्यांच्यातले पुष्कळसे परैयर आणि पळ्ळर, म्हणजे आपल्याच नात्यातले. १९५६ ला सिंहली हीच एकटी राजभाषा झाली. १९८१ ला जाफन्याचं ग्रंथालय जाळलं, त्यात सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि ताडपत्रांवरची हस्तलिखितं गेली. जुलै १९८३ मध्ये वाघांनी, म्हणजे एलटीटीईनं, तेरा सैनिक मारले आणि कोलंबोत तमिळांची घरं पेटली. जाळणाऱ्यांच्या हातात मतदारयाद्या होत्या, घर कुणाचं ते बघून काडी लावायला. मेले किती? सरकार म्हणतं काही शे, तमिळ माणूस म्हणतो तीन हजार. मग सव्वीस वर्षं युद्ध. मे २००९ मध्ये मुल्लिवायक्कलच्या किनारपट्टीवर ते संपलं. सरकारनं तिथे ‘गोळीबारमुक्त क्षेत्र’ जाहीर केलं, लोकांना तिथे जमा व्हायला सांगितलं आणि तिथेच तोफा डागल्या. वाघांनीही त्याच लोकांना ढाल म्हणून अडवून धरलं, पळणाऱ्यावर गोळ्या झाडल्या. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या तज्ज्ञांनी २०११ च्या अहवालात म्हटलं की मेलेले नागरिक चाळीस हजारापर्यंत असू शकतील. असू शकतील! म्हणजे चाळीस हजार माणसं मेली की नाही, हीच भानगड. मेल्यावरसुद्धा माणसाला आपण मेलो हे सिद्ध करावं लागतं.

२००९ ला मी शाळेत होतो. टीव्हीवर प्रभाकरनचं प्रेत दाखवत होते. आमच्या वस्तीत कुणी काही बोललं नाही. कुणाचं युद्ध, कुणाचा देश, आपल्याला काय.

आता कादंबरी काय सांगते बघा. अनुक अरुदप्रगासम या तमिळ लेखकाची २०१६ ची इंग्रजी कादंबरी आहे, एका थोडक्या लग्नाची गोष्ट. सगळी कादंबरी जेमतेम एका दिवसाची. युद्धाचे शेवटचे महिने, तोफांच्या माऱ्यातली छावणी. सुरवातीलाच दिनेश नावाचा तरुण एका सहा-सात वर्षांच्या पोराला हातांवर उचलून दवाखान्याकडे नेतोय. पोराचा हात तोफगोळ्यानं चिंधड्या झालाय. भूल द्यायला औषध नाही. डॉक्टर तसाच हात कापतो. मग एक म्हातारा दिनेशला म्हणतो, माझ्या पोरीशी लग्न कर. का? तर लग्न झालेल्या पोरीला वाघांचे लोक कदाचित उचलून लढायला नेणार नाहीत, सैनिक आले तर कदाचित तिची अब्रू वाचेल. सगळं ‘कदाचित’वर. हा संसार मांडला जातो वरून गोळे पडत असताना.

पण मला हलवलं ते वेगळ्याच पानांनी. दिनेश शौचाला बसतो, त्याची पानंच्या पानं आहेत. तो नखं कापतो, केस कापतो. विहिरीवर अंघोळ करतो, अंगावरचा मळ घासून घासून काढतो. कोलंबोतला किंवा दिल्लीतला वाचक म्हणेल, युद्धात हे काय लावलंय? आपण नाही म्हणणार. शौचाला जायला जागा नसणं म्हणजे काय, अंगाला पाणी मिळणं म्हणजे काय, हे आपल्या बायाबापड्यांना विचारा. युद्धाच्या अहवालांत क्वचितच लिहिलेलं असतं की लाखांवर माणसं एका चिंचोळ्या वाळूत अडकली तर ती सकाळी कुठे बसतात. अहवालाला ते लिहायची लाज वाटते की गरज वाटत नाही, देव जाणे. कादंबरीनं लिहिलं. माणसाचं माणूसपण पहिल्यांदा कुठे मोडतं ते तिनं दाखवलं.

म्हणजे पहिल्या सवालाचं अर्धं उत्तर मिळालं. रचलेली गोष्ट खरी माहिती देते असा माझा दावा नाही. दिनेश नावाचा माणूस झालाच नाही. पण आकड्याच्या पोटात जी जागा रिकामी असते, तिथे गोष्ट एक शरीर उभं करते, भूक लागणारं, घाण होणारं, लाजणारं. ते शरीर बघितल्यावर ‘चाळीस हजार’ हा शब्द तोंडातून सहज निघत नाही. तो अडखळतो. हे अडखळणं म्हणजे कळण्याची सुरवात.

आता कुणी म्हणेल, आणि आपल्यातलाच म्हणेल, की हा अनुक कुठे होता त्या वाळूत? तो कोलंबोत वाढलेला, अमेरिकेत जाऊन तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेला. युद्ध त्यानं फोटोंत आणि चित्रफितींत बघितलं. त्याला हक्क काय? आपण गेली पन्नास वर्षं ठासून सांगतोय की ज्याचं जळतं त्यालाच कळतं. झोपडी लांबून बघून झोपडीवर कविता करणाऱ्यांना आपण फाडून काढलंय, आणि बरोबर केलंय.

पण जरा थांबा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं हे शंभर टक्के खरं मानलं तर आपण शाईनं हात काळे करून हे अंक काढतो कशाला? ज्यांचं जळलंय त्यांना सांगायची गरज नाही, ज्यांचं जळलं नाही त्यांना कळणार नाही. मग हे कागद कुणासाठी? सरळ रद्दीत घालावेत. तसं आपण करत नाही, कारण मनातून आपल्याला ठाऊक आहे की दुसऱ्यालाही कळू शकतं. कळलं पाहिजे, म्हणून तर ओरडतोय. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या करा. बोलायचा पहिला हक्क ज्याचं जळलं त्याचा. कळून घ्यायचं दार मात्र सगळ्यांना उघडं. पहिली गोष्ट सोडली तर परका येऊन आपलं दुःख विकतो. दुसरी सोडली तर आपलं दुःख आपल्याच घरात सडतं.

मग परक्यानं किंवा अर्ध्या परक्यानं लिहिलेली कादंबरी तपासायची कशी? तो तिथे होता का, एवढंच विचारून भागत नाही. होता आणि खोटं बोलला असे ढीगभर आहेत. सरकारी सेनापतीही तिथे होतेच की. मी दुसरी कसोटी लावतो. हे पुस्तक लिहून लेखकानं आपल्या घरचं कुणाला दुखावलं? आपल्या बाजूचं पाप त्यानं सांगितलं का?

या कसोटीवर अनुक उतरतो. पोरीचं लग्न लावावं लागतंय ते शत्रूच्या भीतीनं आणि आपल्याच वाघांच्याही भीतीनं, हे त्यानं लपवलं नाही. शेहान करुणतिलक हा कोलंबोचा इंग्रजीत लिहिणारा लेखक. त्याच्या ज्या कादंबरीला २०२२ चं बुकर मिळालं तिचा नायक मेलेला फोटोग्राफर आहे. साल १९९०. त्याला सात रात्री मिळतात, आपल्याला कुणी मारलं ते शोधायला आणि लपवून ठेवलेले फोटो जगापुढे आणायला. त्या फोटोंत सगळेच सापडतात. सरकार, वाघ, भारतीय फौज, आणि जनता विमुक्ती पेरामुनाचे बंडखोरही. १९८७ ते ८९ या काळात लंकेच्या दक्षिणेत सिंहली गरिबांची हजारो पोरं त्या बंडात आणि ते चिरडण्यात मारली गेली, प्रेतं रस्त्याकडेला जळत पडली. सिंहली विरुद्ध तमिळ एवढंच ज्याला माहीत आहे, त्याला सिंहली सरकारनं मारलेला सिंहली गरीब दिसतच नाही. इथे दिसतो.

आणि शोभाशक्ती. हा माणूस जाफन्याजवळच्या बेटावरचा. कोवळ्या वयात वाघांत गेला, बाहेर पडला, फिरत फिरत १९९३ ला फ्रान्सला पोचला. तिथे हातापायांची मिळतील ती कामं करत तमिळमध्ये लिहीत राहिला. २०१५ साली कान महोत्सवात सर्वोच्च बक्षीस मिळवणाऱ्या ‘धीपन’ सिनेमात मुख्य काम यानंच केलं. याची ‘गोरिल्ला’ कादंबरी वाचताना तळटीपा लागतात. कादंबरीला तळटीपा! कोण कुठे मारला गेला, कुठली संघटना, कुठलं साल. मला ते फार आवडलं. जणू तो म्हणतोय, तुम्ही याला गोष्ट म्हणून सोडून द्याल, म्हणून हा घ्या पुरावा. हा तर त्या आगीतूनच आलेला. पण त्याची किंमत मी त्यामुळे धरत नाही. ज्या चळवळीसाठी तो बंदूक घ्यायला गेला होता, तिनं आपल्याच पोरांना ‘गद्दार’ म्हणून कसं मारलं, हे त्यानं लिहिलं म्हणून धरतो. असं लिहिणं म्हणजे काय हे राजनी तिरणगमचं काय झालं त्यावरून समजतं. जाफना विद्यापीठातली शरीरशास्त्राची प्राध्यापक, दोन पोरींची आई. तिनं सहकाऱ्यांबरोबर सगळ्याच बंदूकवाल्यांचे अत्याचार नोंदवून पुस्तक केलं. २१ सप्टेंबर १९८९ ला विद्यापीठातून सायकलवरून घरी जाताना तिला गोळ्या घातल्या. संशय वाघांवरच. तिनं कादंबरी लिहिली नव्हती, पण कसोटी तीच. आपल्या घराविरुद्ध साक्ष दिली.

इथवर आलो की वाटतं, झालं. वाचलं, कळलं, दोन वेळा डोळे पुसले. आता दुसरा सवाल दारात उभा राहतो. कळून काय करणार?

रडण्याबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. रडणं खोटं नसतं, पण स्वस्त असतं. आपल्यावरच्या आत्मकथा वाचून सदाशिव पेठेत लोक रडले. पुस्तकांच्या आवृत्त्या निघाल्या, बक्षिसं मिळाली. रडणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपली जागा भाड्यानं आपल्याला दिली? डोळे पुसले आणि घरमालक ‘तुमचं आडनाव काय’ विचारायला मोकळे. गोष्ट वाचून मन हलकं होतं, आणि हलक्या मनाचा माणूस हलत नाही. कादंबरीचा हा खरा धोका आहे. मग मी लंकेची कादंबरी वाचून रडलो आणि पाळीला जाऊन झोपाळलो, तर माझ्यात आणि त्या पेठेतल्या वाचकात फरक काय?

माझ्या मते कळणं म्हणजे त्या गोष्टीत आपली जागा सापडणं. आणि ती जागा दर वेळी मार खाणाऱ्याचीच असेल असं नाही. आपल्याला सवय झालीय. कुठलीही गोष्ट वाचली की आपण मार खाणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो, कारण जन्मानं आपण तिथलेच. पण लंकेच्या युद्धात मी भारतीय आहे. २९ जुलै १९८७ ला करार झाला आणि भारताची फौज ‘शांतिसेना’ म्हणून तिथे उतरली. ऑक्टोबरमध्ये ती जाफन्याच्या इस्पितळात शिरली. रुग्ण, डॉक्टर, नर्सा धरून साठ-सत्तर माणसं मेली. फौज म्हणाली, दोन्हीकडच्या गोळीबारात सापडली. जगलेले म्हणाले, आम्हांला मारलं. मार्च १९९० ला फौज परत आली तेव्हा तिचेही अकराशेंवर जवान मेले होते, आणि जवान कुठल्या घरातून जातात ते तुम्हांला माहीत आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे इस्पितळ मला भेटलं नाही. कादंबरीतून त्या गल्लीत शिरलो आणि मग नोंदी शोधत इस्पितळाच्या दारात पोचलो. तिथे माझ्या देशाचा गणवेश उभा होता.

याहून जड जागा पुढे आहे. १९५६ हे साल घ्या. बुद्धाच्या परिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली म्हणून सगळं बौद्ध जग ते साजरं करत होतं. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला लाखोंना धम्मदीक्षा दिली. माझी आजी त्यातून माणूस झाली, मी तिचा नातू. आणि त्याच वर्षी, चार महिने आधी, त्याच जयंतीच्या जल्लोषात लंकेत सिंहली भाषेचा कायदा झाला आणि तमिळांना दार बंद झालं. भिक्खू त्यासाठी रस्त्यावर उतरले होते. एकाच बुद्धाच्या नावानं एकीकडे दार उघडलं, दुसरीकडे लागलं. ज्या पंतप्रधानानं तो कायदा केला त्या बंडारनायकेंना १९५९ ला गोळ्या घालणाराही चीवरातलाच होता. १९७२ च्या घटनेनं बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं, १९७८ च्या घटनेच्या नवव्या कलमानं ते कायम ठेवलं.

अजून ऐका. लंकेतला सगळ्यात मोठा भिक्खुसंघ म्हणजे सियाम निकाय. अठराव्या शतकापासून त्यात फक्त गोविगम, म्हणजे तिथल्या वरच्या शेतकरी जातीच्या पोरालाच उपसंपदा. बाकीच्या जातींना १८०० नंतर ब्रह्मदेशातून दीक्षा आणून आपला वेगळा अमरापुर निकाय काढावा लागला. बुद्धाच्या संघात जात! बाबासाहेब १९५० ला जागतिक बौद्ध परिषदेसाठी लंकेला जाऊन आले होते. सहा वर्षांनी धम्म देताना त्यांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. कुठल्याही देशातून तयार धर्म उचलून आणला नाही, तो घासूनपुसून, प्रश्न विचारून दिला. हे किती महत्त्वाचं होतं ते मला लंकेच्या कादंबऱ्या वाचताना पटलं. आपल्यातले काही जण म्हणतील, हे लिहू नकोस, मनुवादी याचा फायदा घेतील. घेऊ देत. दुसऱ्याच्या पुस्तकाला मी कसोटी लावतो की त्यानं आपल्या घराविरुद्ध साक्ष दिली का, तर माझ्या घराची पाळी आली की मी गप्प बसू?

आता विहिरीकडे येतो. दिनेश ज्या विहिरीवर अंघोळ करतो, ती विहीर कुणाची?

हा प्रश्न कादंबरीला सुचत नाही. मला सुचला, कारण १९२७ ला महाडला आपली माणसं पाण्यासाठीच गेली होती. जाफन्यात वेळ्ळाळर ही शेतजमिनीची मालक जात. तिच्याखाली, गावाबाहेर, पंचमर. पाच जातींचं मिळून नाव: वण्णार धोबी, अंबट्टर न्हावी, पळ्ळर, ताडी काढणारे नळवर, आणि परैयर. वेळ्ळाळरांच्या विहिरीला त्यांनी हात लावायचा नाही. चहाच्या हॉटेलात बसायचं नाही, देवळात पाय ठेवायचा नाही. १९५७ ला याविरुद्ध कायदा झाला आणि कागदावर राहिला. साठीच्या दशकात पंचमरांनी हॉटेलं आणि देवळं उघडायला लढा दिला, त्यात रक्त सांडलं. १९६८ ला माविद्दपुरमच्या देवळापुढे ते उभे राहिले तेव्हा दार अडवून कोण उभा होता? सी. सुंदरलिंगम. गणिताचा प्राध्यापक, माजी मंत्री. आणि तमिळांना स्वतंत्र राष्ट्र पाहिजे असं सगळ्यांत आधी म्हणणाऱ्यांपैकी एक! तमिळांना सिंहलींपासून स्वातंत्र्य पाहिजे, पण तमिळातल्या तमिळाला देऊळ नको. ओळखीचा वाटतो ना हा गडी? टिळकांच्या काळापासून आपण याला ओळखतो.

हा सगळा जाच के. डॅनियल या जाफन्यातल्या दलित लेखकानं लिहून ठेवला. त्याची ‘पंचमर’ कादंबरी १९७२ ची. साल बघा. त्याच १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच साली ‘गोलपिठा’ आला. समुद्राच्या अलीकडे पलीकडे एकाच वर्षी दोन घरं पेटून बोलत होती, आणि एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू गेला नाही. डॅनियल १९८६ ला वारला, तोही आपल्या देशात, तंजावरला. तमिळ दलित लेखक त्याला वडीलधारा मानतात. जगाच्या बाजारात लंकेच्या युद्धाच्या कादंबऱ्या म्हणून जी यादी फिरते तिच्यात त्याचं नाव क्वचितच असतं. का? कारण तो ज्या युद्धाबद्दल लिहीत होता त्याला जग युद्ध म्हणत नाही. तोफा नाहीत, विमानं नाहीत, फक्त एक विहीर आणि तिच्याभोवती हजार वर्षांचा पहारा.

हे दोन युद्धांचं गणित समजून घ्या. मोठं युद्ध आलं की धाकटं युद्ध झाकलं जातं. सगळे म्हणतात, आता नको, आता एकी पाहिजे. वाघांनी उघड जातीयतेवर बंदी घातली हे खरं. त्यांचा नेता वेळ्ळाळर नव्हता, समुद्रावरच्या करैयर जातीचा होता, हेही खरं. पण बंदुकीच्या धाकानं गप्प केलेली जात मेली नाही. युद्धात ज्यांच्याकडे पैसा आणि पाहुणे होते ते लंडन-कॅनडाला गेले. जाफन्यातल्या विस्थापितांच्या छावण्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की वर्षानुवर्षं तिथेच राहिलेले बहुतेक पंचमर. परत जायला त्यांच्याकडे जमीनच नव्हती. आणि ऑक्टोबर १९९० ला वाघांनी उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना हाकललं, सत्तर हजारांवर माणसं. जाफन्यात तर दोन तासांची मुदत. ज्यांची घरं मतदारयादी बघून जाळली होती, त्यांच्याच नावानं लढणाऱ्यांनी हे केलं. मार खाल्ल्यानं माणूस आपोआप शहाणा होत नाही. हे वाक्य लिहिताना माझा हात जड झालाय, कारण ते आपल्यालाही लागू आहे. पंचमरांच्याही खाली तुरुंबर होते, पंचमरांचे कपडे धुणारे. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते हेच. आपल्या वस्तीतही विहिरीवरून कुणाला लांब उभं केलं जात होतं, आपल्या बायांचं नाव आपल्या चळवळीच्या इतिहासात किती ओळी आहे, हे आपण आपल्याच पुस्तकांना विचारायचं.

तेव्हा माझं म्हणणं असं. कादंबरी एक साक्षीदार आहे. चांगला साक्षीदार, कारण पोलिसांनी न विचारलेलं सांगतो. पण साक्षीदार म्हणजे निकाल नव्हे. एका साक्षीवर देश कळत नाही. एका देशावर एकच कादंबरी वाचणाऱ्यानं तोंड उघडू नये. निदान तीन वाचाव्यात, आणि त्या एकमेकींशी भांडणाऱ्या असाव्यात. जिंकलेल्यांच्या घरातली एक, हरलेल्यांच्या घरातली एक, आणि ज्यांना दोघांच्याही घरात घेतलं नाही त्यांची एक. मग प्रत्येकीला तेच विचारावं. पाणी कोण भरतंय? प्रेत कोण उचलतंय? विहीर कुणाची? जिथे कादंबरी उत्तर देत नाही, तिथे पुस्तक मिटू नये. त्या रिकाम्या जागेतच आपलं काम सुरू होतं.

आणि हे काम फक्त वाचायचं नाही. किलिनोच्चीत २०१७ ला बेपत्ता पोरांच्या आया फोटो घेऊन रस्त्याकडेला बसल्या आणि वर्षानुवर्षं बसून राहिल्या. सरकारला त्या एवढंच विचारत होत्या, आमची पोरं तुमच्या ताब्यात दिली होती, ती कुठे आहेत? ज्यानं कादंबरी वाचली त्याला या बायांची बातमी आतल्या पानावरची चार ओळींची राहत नाही. त्यानं ती चार ठिकाणी वाचून दाखवावी. शांतिसेनेनं जाफन्यात काय केलं हे आपल्या पोरांना सांगावं. विहारात धम्म सांगताना लंकेतला जातवाला संघही सांगावा, म्हणजे तसला संघ आपल्याकडे उगवणार नाही. ज्या कुणाला तमिळ येतं, धारावीत, पिंपरीत, कुठेही, त्यानं डॅनियलची पानं मराठीत आणावीत. आम्ही छापू. शाई कमी पडली तर वर्गणी काढू.

१९८१ च्या त्या रात्री ग्रंथालय जाळणाऱ्यांनी पुस्तकांना काडी लावली. त्यांना ठाऊक होतं की ज्यांच्याकडे आपली गोष्ट आहे त्यांना पुसून टाकता येत नाही. त्यांच्याइतकं तरी आपल्याला ठाऊक पाहिजे.